हातोडीखालचं गाणं

“अय्या, तुम्हीच ना ते हातोडीवाले आजोबा?” प्रबंध न्यायला आलेली मुलगी काउंटरपलीकडून म्हणाली आणि हसू आवरायला तिने तोंडावर हात धरला. त्याच्या हातात तिच्याच पाच प्रती होत्या. काळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, सरस आतून अजून पुरता वाळलेला नव्हता. पस्तीस वर्षं तो या कारखान्यात पुस्तकं बांधत होता आणि एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाने त्याला पुस्तक सोडून दुसरं काही विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. “कोण आजोबा?” तो म्हणाला. तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. फोनमध्ये तो स्वतःच होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानांवर ते मोठे काळे हेडफोन, पुढ्यात फळीवर आडवं पुस्तक आणि हातात पाठ गोल करायची हातोडी. हातोडी पडत होती, मान डुलत होती, ओठ भराभर हलत होते. आणि खाली गाणं वाजत होतं लहान मुलांचं. तळ्यातली बदकं, क्वॅक क्वॅक, पाण्यात बुडी मारा. वर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘आजोबा फुल्ल फॉर्मात’. वीस सेकंदांत ते संपलं आणि आपोआप परत सुरू झालं. “दोन लाख लोकांनी पाहिलंय,” मुलगी कौतुकाने म्हणाली. “पण हे मी म्हणत नव्हतो,” तो म्हणाला. “अहो, गाणं नंतर टाकतात,” ती म्हणाली. “कुठलंही चालतं.”

कुठलंही चालतं. तिने प्रती उराशी धरल्या, ‘थँक्यू आजोबा’ म्हणाली आणि गेली. तो काउंटरच्या फळीवर हात टेकून तसाच उभा राहिला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, त्याची मात्र उलट्या दिशेने चालली होती. डोक्यातून खाली उतरत, छातीत घुटमळत, पायांत येऊन ती जडशीळ झाली होती. लोक हसले म्हणून तो चिडला नव्हता. हसणाऱ्यांची त्याला सवय होती. बायको होती तोवर तीच रोज हसायची, “तुमच्या कानात कोण भांडतंय हो?” तो म्हणायचा, “भांडणच आहे, पण तालात आहे.” हसू दे, त्याचं काही नाही. पण फोनमधला तो माणूस, जो तोच होता, ज्याचा खांदा दुखरा म्हणून किंचित वर होता, तो हातोडी एका ठेक्यावर मारत होता आणि बदकं दुसऱ्याच ठेक्यावर पोहत होती. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. हे दोन लाख लोकांना दिसलं नाही? दोन लाख माणसं म्हणजे चार लाख कान. आणि आणखी एक गोष्ट त्याने त्या वीस सेकंदांत पाहिली होती. फळीच्या कोपऱ्यात निळी कापडी पिशवी होती, बंदाला पिवळा दोरा शिवलेली. तो दोरा त्यानेच शिवला होता, पुस्तक शिवायच्या सुईने. पिशवी त्याच्या लेकीची होती. पंधरा दिवसांपूर्वी तो चष्मा घरी विसरला, तेव्हा दवाखान्यात कामाला जाता जाता ती तो द्यायला आली होती. बाहेरच्या कुणी केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तो जागेवर येऊन बसला. पुढ्यात शिवून ठेवलेली बारा पुस्तकं होती, पाठीला सरस लावलेली. सरस अर्धा ओला असतानाच पाठ हातोडीने गोल करावी लागते. वाळला की पाठ मोडते, फार ओला असला की सुटते. मधली पाऊण तासाची वेळ असते, ती राग-लोभ बघत नाही. त्याने सवयीने हेडफोनला हात घातला आणि हात तसाच मागे घेतला. कुणी बघत असेल का? नऊ वर्षांत पहिल्यांदा हा विचार त्याच्या मनात आला, आणि तो आला याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला. नऊ वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी प्रबंध बांधायला टाकून गेला होता. पाच प्रती बांधायच्या होत्या, आणि सहावी, शाई फासलेली, उरली. ‘फेकून द्या’ म्हणाला. तेव्हा त्याला वाचायला येऊ लागून तीन वर्षं झाली होती आणि नव्या दातांच्या पोरासारखं त्याला दिसेल ते चावावंसं वाटायचं. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बसच्या तिकिटामागच्या सूचना, सगळं. त्याने ती फासलेली प्रत उघडली. प्रबंध त्याच्या हेडफोनमधल्या या रॅप गाण्यांवर होता, बोलून म्हणायच्या, ढोलावर चालणाऱ्या. मधलं सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं. पण शेवटी गाण्यांच्या ओळी छापल्या होत्या. एरवी तो बोट ठेवून, अडखळत, प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबून वाचायचा. या ओळींवर बोट ठेवलं आणि बोट थांबेना. ओळ संपायच्या आधीच पुढची ओळ हाक मारत होती. वाचायला शिकलेला माणूस चालायला शिकलेल्या मुलासारखा असतो, उतार लागला की त्याला कळतं की पळताही येतं. त्या दिवशी त्याला ते कळलं. ऐकण्याच्या आधी त्याने हे गाणं वाचलं होतं. आणि शेवटच्या पानांवर यादी होती, ऐकायलाच हव्यात अशा शंभर तबकड्यांची, अगदी जुन्यापासून त्या वर्षीपर्यंतच्या. क्रमाने.

त्याने ती यादी क्रमाने ऐकली. अध्येमध्ये उडी मारली नाही. पुस्तक बांधणारा माणूस फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, सोडून पुढे जात नाही. लेकीने तिचा जुना फोन दिला, हे काळे हेडफोन कुठल्याशा जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने स्वतः आणले, आणि एकेक नाव शोधून तो ऐकत गेला. पहिली पंधरा-वीस परकी, भाषा कळत नव्हती, पण त्यांतला संताप कळत होता. राग कुठल्याही भाषेत त्याच जागी श्वास घेतो. मग त्याच्या लक्षात आलं की एक कडवं बहुतेक वेळा सोळा ओळींचं असतं. ते त्याने मोजलं तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता. सोळा! त्याचा फर्माही सोळा पानांचा. एक मोठा कागद, तीन घड्या, सोळा पानं. आयुष्यभर त्याने सोळाच्या हिशेबाने कागद दुमडला आणि तिकडे कुठेतरी, समुद्रापलीकडच्या गल्ल्यांमध्ये, कुणी सोळाच्या हिशेबाने आपलं आयुष्य दुमडून चार मिनिटांत बसवत होतं. शंभर झाल्यावर तो यादीच्या बाहेर पडला, आपल्या भाषेतल्या नव्या पोरापोरींपर्यंत आला. दर आठवड्याला काहीतरी नवं. काही निव्वळ कचरा. दागिन्यांची बडबड, गाड्यांची बडबड, आवाज मोठा आणि आत पुठ्ठा ओला. अशांवर तो मनापासून भडकायचा. पण मधूनच कुणी असं यायचं की हातातली सुई थांबायची. गेल्याच महिन्यात एक मुलगी सापडली होती. तिचं खरं नाव काय कुणास ठाऊक, गाण्यावर स्वतःला ‘करवत’ म्हणवून घ्यायची. तिचं पहिलंच गाणं सुरू झालं आणि दोन सेकंदांत त्याने ओळखलं. हा ढोल, हाच ढोल, यादीतल्या चौदाव्या तबकडीतला! मधोमध कुठेतरी गायक गप्प होतात आणि ढोलवाला एकटा दोन फेरे वाजवतो, तेवढाच तुकडा तिने उचलला होता. जुन्या पुस्तकाचं अस्सल कापड काढून नव्या पुठ्ठ्यावर चढवावं तसा. तो ढोलवाला आता जिवंतही नसेल आणि ही पोर तेव्हा जन्मालाही आली नव्हती. त्याच्या अंगावर काटा आला. तो वळून कारखान्यातल्या जुळवणीच्या टेबलाकडे ओरडला होता, “वहिनी, तो ढोल परत आला!” आणि वहिनी म्हणाली होती, “कोण पाहुणा? चहा टाकू का?”

सांगायचं कुणाला, हा प्रश्न होताच. चार वर्षांपूर्वी वाचनालयात या गाण्यांची बैठक होती. तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. दारातल्या तरुणाने अदबीने सांगितलं, “आजोबा, ज्येष्ठ नागरिकांचा कार्यक्रम वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट उजव्या हाताला.” तो म्हणाला, “मी खालच्याच मजल्यावरचा आहे,” आणि मागच्या रांगेत बसला. पुढे बोलणारा इसम छातीठोकपणे सांगत होता की अमुक गाण्यातला ढोल यंत्राचा आहे. यंत्राचा नव्हता! त्या ढोलात काडी किंचित घसरते, आणि यंत्राची काडी घसरत नाही. त्याने हात वर केला. माईक फिरला, त्याच्या डोक्यावरून फिरला, शेजारच्याकडे गेला, मागे गेला. हात दुखेपर्यंत त्याने वर ठेवला. मग कुणीतरी म्हणालं, “पाणी हवंय का काका?”

बाराव्या पुस्तकाची पाठ गोल झाली तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती आणि आज हातोडी गाण्याविना, घड्याळासारखी नुसती पडत राहिली होती. वहिनी डबा घेऊन समोर आली. ती त्याच्या सख्ख्या नात्यातली नव्हती. तिचा नवरा इथे कटिंग मशीनवर होता, त्याच्यामुळे ती वहिनी आणि हा भावजी. नवरा गेला, नातं राहिलं. बावीस वर्षं ती जुळवणीचं काम करत होती. लांब टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या ओळीने मांडायच्या आणि टेबलाभोवती चालत एकेक उचलून पुस्तक पुरं करायचं. “काय झालं? आज हातोडीला ताप आलाय?” ती म्हणाली. त्याने सांगितलं, आपण तर मनातल्या मनात म्हणतो हेही. ती म्हणाली, “पाहिलंय मी. माझ्या सुनेने दाखवलं परवा.” “आणि मला बोलला नाहीत?” “काय बोलणार? तुम्ही आधीच फटाक्याची वात. मी कशाला काडी लावू?” तिने भाकरी मोडली. मग म्हणाली, “मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ते बदक तुमचं नाही एवढं कळलं. तुमची हातोडी तशी पडत नाही.” “म्हणजे?” “म्हणजे काय? मी तुमच्या हातोडीवर चालते. टेबलाभोवती. जलद पडली तर जलद, संथ पडली तर संथ. आज सकाळपासून दोनदा फर्मा चुकला माझा.” त्याने तिच्याकडे बघितलं. बावीस वर्षं. आपण कुणाला तरी चालवत होतो हे त्याला माहीतच नव्हतं. “एवढं डोक्यात घेऊ नका,” ती उठताना म्हणाली. “पोर आहे, गंमत केली. आणि तुम्ही तरी काय, म्हणे मनातल्या मनात म्हणतो!” आणि ती स्वतःशीच खुदकन हसून डबा धुवायला गेली. कशाला हसली ते त्याने विचारलं नाही.

डोक्यात घेऊ नका. डोक्यात घ्यायला काही करावं लागत नव्हतं, ते तिथे आधीपासूनच घर करून होतं. लेकीला शाळेत घालायला गेला होता तो दिवस. कारकुनाने त्याचा हात मनगटाला धरून शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. टेकवताना तो दुसऱ्याशी बोलत होता. अंगठा खालच्या रकान्यात उमटला, आईच्या नावापुढे. “साहेब, जागा चुकली वाटतं,” तो म्हणाला होता, कारण वाचता येत नसलं तरी रकाना बघता येतो. “काही फरक पडत नाही,” कारकून म्हणाला. “कुठेही चालतो.” लेक सहा वर्षांची, त्याचं शाईचं बोट धरून उभी होती. शाई तिच्याही बोटाला लागली आणि तिने ती फ्रॉकला पुसली. घरी बायको दोघांवर ओरडली. त्यानंतर दहा वर्षांनी एका निवृत्त पोस्टमनचा कवितासंग्रह बांधायला आला. शंभर प्रती. फर्म्याच्या घडीवर एरवी काळी खूण छापलेली असते, प्रत्येकाची आधीच्याहून जरा खाली. सगळे फर्मे ओळीने लागले की पाठीवर खुणांचा जिना दिसतो आणि एक जरी मागेपुढे झाला तर पायरी तुटते. अक्षर न येणारा माणूस त्या जिन्यावर भरवसा ठेवून आयुष्य काढू शकतो. त्याने काढलं होतं. पण पोस्टमनच्या छापखान्याने खुणा छापल्या नव्हत्या. त्याने मालकाला विचारलं, “क्रम कुठला?” मालक फोनवर होते, हाताने ‘लाव रे’ अशी खूण केली. त्याने लावले. आठवड्याने पोस्टमन आला, एक प्रत काउंटरवर ठेवली आणि हळूच म्हणाला, “सोळा पानांनंतर तेहेतिसावं आलंय.” मालक हसले. “कवितेत काय हो, मागेपुढे झालं तरी कुणाला कळतंय? चालतं!” पोस्टमनने प्रतीवर हात ठेवला. “चाळीस वर्षं मी पत्रं वाटली,” तो म्हणाला. “एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकून ‘चालतं’ म्हटलं असतं तर चाललं असतं का हो?” मालकांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं, ते सांगत राहिले. तो आत सरसाच्या भांड्याशी उभा राहून ऐकत होता आणि त्याचे कान पेटले होते. चूक मालकांची म्हणता आली असती. पण हात त्याचे होते. त्याच महिन्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तो संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसला, लेकीच्या शाळेतल्या पाटीएवढ्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून.

सहा वाजता तो घरी आला. लेक आधीच आली होती. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या दातांच्या वेळा लिहून ती दमलेली असायची. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून ती भाजी चिरत होती आणि फोन बरणीला टेकवून काही बघत होती. त्याने चपला काढल्या, हात धुतले, हेडफोन खुंटीला अडकवले. “बदकं बंद कर,” तो म्हणाला. ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग त्याचा चेहरा बघून अर्ध्यात थांबलं. “कळलं तुम्हाला? मी सांगणारच होते बाबा. सरप्राइज. अहो, दोन लाख! दवाखान्यात पेशंट विचारतात तुमच्याबद्दल. डॉक्टरबाई म्हणाल्या, किती गोड आहेत.” “मी गोड नाही.” “बाबा—” “मी बदकांचं गाणं म्हणत नव्हतो.” “मला माहीत आहे हो. गंमत असते ती. तुमचं ते धाडधाड कोण ऐकणार? लोकांना हलकंफुलकं आवडतं.” ‘तुमचं ते धाडधाड.’ खुंटीवरचे हेडफोन हलले असं त्याला वाटलं. तिने सुरी खाली ठेवली. “बरं, काढून टाकते. आत्ता. झालं?” तिचा अंगठा फोनवर गेला. “काढू नकोस,” तो ओरडला. ती दचकली. शेजारच्या घरातला टीव्हीसुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. “काढू नकोस. बरोबर कर.” “म्हणजे काय करू?” “जे म्हणत होतो ते लाव.” “अहो, पण कुणाला काय कळणार आहे? तोंड हलतंय एवढंच तर दिसतं. कुठलंही—” “म्हणू नकोस,” तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की त्याचा त्यालाच नीट ऐकू आला नाही. “तू ते म्हणू नकोस.”

तिने फोन परत बरणीला टेकवला. मग हात पदराला पुसून खुर्चीवर बसली, तशीच जशी ती लहानपणी अभ्यास चुकल्यावर बसायची, तिरकी, एक पाय खाली दुमडून. तोही समोर बसला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. अंगठ्याबद्दल, पोस्टमनबद्दल, चौदाव्या तबकडीबद्दल, डोक्यावरून गेलेल्या माईकबद्दल. नऊ वर्षं या घरात तो संध्याकाळी काहीतरी नवं सापडल्याच्या आनंदात शिरला होता आणि ‘हं, छान’ ऐकून गप्प झाला होता. पण बोलणं सोळा ओळींत बसवायची विद्या त्याच्याजवळ नव्हती. म्हणून तर तो दुसऱ्यांच्या ओळी घेऊन फिरत होता. “लाव ते,” तो म्हणाला. “आवाज बंद करून.” तिने लावलं. तो वाकून बघत राहिला. एकदा, दोनदा, पाचदा. मग खिशातून पेन्सिल काढून त्याने वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. “हे चार तुकडे आहेत,” तो म्हणाला. “तू कापलंस.” “हो, कंटाळवाणा भाग काढला.” “हा पहिला तुकडा पहिला नाही. हा तिसरा आहे. इथे ओठ मिटतात बघ, ‘म’ आहे हा. हा जो शेवटी टाकलास तो मुळात दुसरा. फर्मे मागेपुढे लावलेस तू.” “अहो बाबा, मी जे मजेदार दिसलं ते पुढे घेतलं.” “तिसरा, पहिला, चौथा, दुसरा,” तो म्हणाला आणि पेन्सिल इतकी दाबली की टोक तुटलं. “सोळा पानांनंतर तेहेतीस.”

तिला हे शेवटचं काही कळलं नाही. पण तिने वर्तमानपत्र ओढून घेतलं, आकडे बघितले, फोनमध्ये काहीतरी शोधलं. “मूळ आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “न कापलेलं. थांबा.” तिने लावलं आणि भुवया उंचावल्या. “तिसरा, पहिला, चौथा, दुसरा,” ती पुटपुटली. “खरंच की. तुम्ही नुसत्या ओठांवरून सांगितलंत?” त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. मूळ चित्राला मूळ आवाज होता, आणि त्या आवाजात तो बोलत होता. मोठ्याने. हातोडी ठक्, ठक्-ठक्, आणि तिच्यावर एका म्हाताऱ्या, घोगऱ्या, दम लागलेल्या माणसाचा आवाज:

माझं नाव विचारू नको, माझा आवाज वाच,
घर तुझं उंच, तुझ्या पायाखाली काच,
अंगठा घेतलास माझा, बोटं राहिली चार,
चार बोटांची मूठ होते, मोजून बघ यार—

“हा मी?” तो म्हणाला. “नाहीतर कोण?” लेक म्हणाली. “तुम्ही नेहमीच मोठ्याने म्हणता. सगळ्या कारखान्याला माहीत आहे. वहिनीकाकू सांगत होत्या. तुम्हाला हेडफोनमुळे ऐकू येत नाही.” नऊ वर्षं! करवतीच्या ओळी, त्याआधीच्यांच्या ओळी, शिव्यांसकट, सगळं तो भर कारखान्यात, मालकांच्या देखत, वहिनीच्या देखत म्हणत होता. वहिनीचं ते हसणं आता कुठे त्याच्यापर्यंत पोचलं. आणि लाज वाटायची त्याने वाट पाहिली, पण आली ती लाज नव्हती. “हा आवाज तू काढून टाकलास,” तो म्हणाला. “हा होता, आणि तू काढून बदकं घातलीस?” “आवाज नीट नव्हता आला,” ती म्हणाली, पण आता तिच्या बोलण्यात मघाचा झपाटा नव्हता. तिने नजर टेबलावर वळवली. “अंगठा घेतलास माझा,” ती हळू म्हणाली. “हे तुम्ही रचलंय?” “मी नाही. त्या मुलीने. तिला कुठे माझं माहीत असणार? तिला माहीत नाही आणि तरी तिने लिहिलं, तेच तर मी नऊ वर्षं सांगतोय तुला!” तो पुन्हा ओरडत होता. “आणि ढोल तिचा नाही, ढोल चौदाव्या तबकडीतला आहे!”

“लावा,” ती म्हणाली. “काय?” “तिचं गाणं लावा तुमच्या फोनवर. मी हे लावते. बरोबर बसतं का बघू.” हे ती मन राखायला म्हणाली की रागाने, ते त्याला कळलं नाही, आणि विचारून ते कळलं नसतं. त्याने गाणं लावलं. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा ढोलाचा पहिला ठोका आणि हातोडीचा पहिला ठोका एकाच वेळी पडले, दाराला कडी बसावी तसे. लहान स्वयंपाकघरात करवत बोलू लागली आणि तिच्या मागून, तिच्या सावलीत, तो घोगरा माणूस. ओळीला ओळ, श्वासाला श्वास. फोनमधल्या त्या माणसाचा दुखरा खांदा नेमक्या ठोक्याला वर जात होता. आता तो वेडा दिसत नव्हता. कामावरचा माणूस दिसत होता. तो बघत राहिला. पाच ओळी, आठ ओळी, बारा. लेकीने भाजीच्या ताटलीवर बोट टेकवलं होतं, हे त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. ते हलत होतं की नव्हतं हे बघायला त्याने मान वळवली नाही. तेरा. चौदा. पंधरा.

“इथे चुकलात,” ती म्हणाली.

“कोण?”

“तुम्ही. शेवटच्या ओळीला. ती पुढे गेली, तुम्ही मागे राहिलात. अर्धा ठोका.”

त्याची कानशिलं तापली. या पोरीने आयुष्यात याआधी दोन ओळी धड ऐकल्या नव्हत्या, बदकं घालणारी ही, आणि ही त्याला शिकवणार! “मागे राहिलो नाही,” तो म्हणाला. “मुद्दाम थांबलो. तिथे थांबायचंच असतं.”

“ती कुठे थांबली?”

“ती तरुण आहे. तिला कळत नाही.”

“बाबा, तुम्ही चुकलात. मी ऐकलं.”

“काय ऐकलंस तू? तुला कशातलं काय कळतं?” तो खुर्ची मागे सारून उभाच राहिला. रागाने त्याचा श्वास वर आला होता आणि कित्येक दिवसांत असं मोकळं भांडल्याचं त्याला आठवत नव्हतं. “परत लाव. पहिल्यापासून. आणि कान उघडे ठेवून ऐक.”

लेकीने बोट ताटलीवर तसंच ठेवलं आणि दुसऱ्या हाताने परत लावलं. “ऐकतेच आहे,” ती म्हणाली. “पण शेवटी चुकलात तर मी सांगणार.”